पर्लाइटचे पदर बारीक केले, तरी मॉडेलचा वक्र का हलत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 0.8 टक्के कार्बनच्या पर्लाइटिक पोलादाचा एक चिमुकला चौकोनी ठोकळा तुम्ही अबॅकस या गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा केलाय. त्यात फेराइट (जवळजवळ शुद्ध, मऊ लोखंड) आणि सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं कठीण संयुग) यांचे थर एकाआड एक, म्हणजेच पर्लाइट, ठोकळ्याच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींशी बांधलेल्या, आणि दोन्ही घटकांना आपापले स्ट्रेस-स्ट्रेन (ताण-विकृती) वक्र दिलेले. थरांमधलं अंतर 250 नॅनोमीटरवरून 100 वर आणलं, मेश, म्हणजे गणनेसाठी ठोकळ्याची केलेली जाळी, चौपट बारीक केली, दोन रात्री मशीन चालवलं, आणि निघालेला वक्र आधीच्या वक्रावर तंतोतंत बसला. प्रत्यक्ष नमुने ओढल्यावर मात्र बारीक पर्लाइट चांगलंच चिवट आणि ताकदवान निघालं. गाइड म्हणतात, पॅरामीटर जुळवून घे. तुम्ही विचारताय, मेशमध्ये चूक कुठे आहे?

मेशमध्ये चूक नाही. उलट वक्र हलला असता, तर मी मेशवर संशय घेतला असता.

मी बावीस वर्षं तार ओढण्याच्या धंद्यात आहे आणि त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं अशीच मॉडेलं करण्यात गेली. हा खड्डा मी स्वतः पाहिलाय, आत पडून पाहिलाय. तुम्ही ज्या प्रकारची प्लॅस्टिसिटी, म्हणजे कायमच्या विकृतीचं गणित, वापरताय, तिच्या समीकरणांत लांबी नावाची गोष्टच नसते. ताण, विकृती, कडकपणा हे सगळं आहे, पण नॅनोमीटर कुठेच नाही. तुम्ही 250 चे थर 100 चे केलेत तेव्हा फेराइटही त्याच प्रमाणात पातळ झालं आणि सिमेंटाइटही. युटेक्टॉइड, म्हणजे तुमच्या 0.8 टक्क्यांच्या, पोलादात सिमेंटाइट वजनाने साधारण 11 टक्के, आकारमानानेही त्याच आसपास. म्हणजे 250 मध्ये सिमेंटाइटचा पदर 28 नॅनोमीटरचा आणि 100 मध्ये 11 चा, पण गुणोत्तर तेच. समीकरणांच्या दृष्टीने तुम्ही एकच चित्र जवळून आणि लांबून पाहिलंत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साधी, दिशा न पाहणारी व्हॉन मिझेस सोडून स्फटिकाची दिशा पाहणारी क्रिस्टल प्लॅस्टिसिटी घेतलीत, स्लिपच्या, म्हणजे स्फटिक घसरण्याच्या, दिशा घातल्यात, तरी नेहमीच्या स्थानिक रूपात हेच होईल.

मग खऱ्या पोलादात ताकद का वाढते? कारण तिथे डिसलोकेशन, म्हणजे स्फटिकातल्या सरकणाऱ्या रेषीय त्रुटी, आहेत आणि त्यांना जागा लागते. फेराइटच्या पदरात डिसलोकेशन सरकायला निघालं की दोन्ही बाजूंना सिमेंटाइटची भिंत. मग ते त्या फटीतून वाकून, कमानीसारखं होऊन पुढे सरकतं. फट जितकी अरुंद तितकी कमान घट्ट, आणि ती पुढे ढकलायला तितका जास्त जोर. ढोबळ हिशेब कागदावर होतो : लोखंडाचा शिअर मॉड्युलस (घसरणीला होणारा लवचीक विरोध) साधारण 80 गिगापास्कल, बर्गर्स व्हेक्टर (एका डिसलोकेशनमुळे होणारी घसरण) 0.248 नॅनोमीटर, दोन्हींचा गुणाकार भागिले फेराइटची जाडी. 220 नॅनोमीटर जाडीला सुमारे 90 मेगापास्कल, 88 ला सुमारे 225. हे शिअरमधलं. ओढण्याच्या चाचणीत आणायला पावणेतीनच्या आसपास टेलर गुणक लावा, म्हणजे फरक साडेतीनशे मेगापास्कलच्या घरात जातो. तुमच्या प्रयोगातला यील्डचा, म्हणजे कायमची विकृती सुरू होते त्या ताणाचा, फरक याच पट्टीतला असणार असा माझा अंदाज आहे. नसेल, तर आधी स्पेसिंग, म्हणजे पदरांमधलं अंतर, कसं मोजलंत ते पाहू. त्यावर पुढे बोलतोच.

तर पहिला इलाज सरळ आहे : लांबी हाताने आत घाला. फेराइटची सुरुवातीची यील्ड ताकद स्थिर आकडा न ठेवता पदराच्या जाडीचं फलन करा. दोन रूपं प्रचलित आहेत. एक हॉल-पेच धर्तीचं, अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. दुसरं मी वर मांडलेलं, सरळ व्यस्त प्रमाणात. कुठलं बरोबर यावर जुना वाद आहे आणि त्यात तुम्ही पडू नका असं माझं मत. कारखान्यात मिळणारं पर्लाइट बहुतेक 80 ते 250 नॅनोमीटरच्या मध्ये असतं. एवढ्या लहान पट्ट्यात दोन्ही सूत्रांच्या रेषा बिंदूंमधून बऱ्यापैकी सरळ जातात आणि दोघेही आपलंच खरं म्हणतात. एक निवडा, का निवडलं ते लिहा, आणि तुमच्या पट्ट्याबाहेर ते ताणू नका.

गाइड म्हणतात ते ‘पॅरामीटर जुळवणं’ आणि हे, यात फरक आहे बरं का. प्रत्येक स्पेसिंगला वेगळा यील्ड आकडा बसवणं म्हणजे प्रत्येक कुलपाला नवी किल्ली घडवणं. एकच सूत्र दोन स्पेसिंगवर बसवून तिसऱ्याचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेवणं, आणि मग चाचणी करणं, याला मॉडेल म्हणता येईल. तिसरा नमुना करणं जड नाही. ऑस्टेनाइटपासून (तापवलेल्या पोलादाच्या अवस्थेपासून) उतरवताना, ते ज्यात बुडवून थंड करता त्या बाथचं तापमान बदला. रूपांतर जितकं 727 अंशांच्या खाली, तितके पदर बारीक. 650 ला जाड, 550 च्या आसपास बारीक. फार खाली गेलात तर बेनाइट ही वेगळीच रचना येऊ लागेल, तेवढं सांभाळा.

दुसरा रस्ता म्हणजे स्ट्रेन ग्रेडियंटची प्लॅस्टिसिटी, जिच्यात विकृती जागेनुसार किती झपाट्याने बदलते तेही धरतात. यात लांबी समीकरणातच असते आणि भिंतीजवळ डिसलोकेशनची गर्दी आपोआप होते. प्रबंधाला भारदस्त दिसतं. मी एक वर्ष घालवलं त्यात. अडचण अशी की भिंतीवर नेमकी काय अट लावायची हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि उत्तर बहुतांशी त्या अटीतून येतं. शिवाय एक साधा हिशेब करून पाहा. डिसलोकेशनची घनता दर चौरस मीटरला 10 चा 14 वा घात धरली, तर दोन डिसलोकेशनमधलं सरासरी अंतर 100 नॅनोमीटर. म्हणजे तुमच्या पदराच्या जाडीत सरासरी एकच डिसलोकेशन मावतं. त्याला ‘सलग पसरलेली घनता’ म्हणायला धीर लागतो. तुमच्याकडे दीड वर्ष उरलं असेल तर मी या वाटेने जाऊ नका म्हणेन. चार वर्षं असतील तर तुमची मर्जी.

आता त्याहून मोठी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत.

तुमच्या ठोकळ्यात सगळे पदर एकाच दिशेला आहेत. खरं पर्लाइट म्हणजे चिरोट्यांनी भरलेलं ताट समजा. प्रत्येक चिरोट्याला पदर आहेत, पण एक उभा, एक आडवा, एक तिरका पडलाय. अशा एका चिरोट्याला, म्हणजे जिथे पदरांची दिशा एकच आहे त्या भागाला, कॉलनी म्हणतात. शेजारच्या काही कॉलन्यांमध्ये पदरांची दिशा वेगळी असली तरी फेराइटच्या स्फटिकाची दिशा जवळजवळ एकच असते. त्या गटाला ब्लॉक किंवा नोड्यूल म्हणतात. हा भेद पुस्तकी नाही. ताकद मुख्यतः पदरांच्या अंतरावर ठरते, तर तार तुटण्याआधी मानेत किती बारीक होते, म्हणजे क्षेत्रघट, ती ब्लॉकच्या आकारावर. ब्लॉकचा आकार आधीच्या ऑस्टेनाइटच्या कणांवरून ठरतो. म्हणूनच भट्टी गरज नसताना तापवली की टेन्साइल (ओढण्याची ताकद) तेच येतं आणि डक्टिलिटी (न तुटता लांबण्याची क्षमता) गळते. ‘ताकद बरोबर आहे, मग तार का तुटते’ हा प्रश्न मला आजवर शंभरदा तरी विचारला गेलाय. निम्म्या वेळा उत्तर भट्टीच्या तापमानात सापडलं.

दिशेचा परिणाम किती, ते तुमच्याच ठोकळ्यावर एका दुपारी पाहता येईल. पदरांच्या समांतर ओढा, मग काटकोनात ओढा, मग 45 अंशांत. समांतर ओढताना फेराइट आणि सिमेंटाइट दोघांनाही सारखंच लांबावं लागतं, म्हणून सिमेंटाइट भार उचलतं. काटकोनात ओढताना दोघांना आडव्या दिशेत सारखंच आकसावं लागतं, तिथेही सिमेंटाइट आडवं येतं. 45 अंशांत मात्र फेराइट पदरांच्या समांतर घसरतं, सिमेंटाइटला काही विचारतच नाही. वक्र एकदम मऊ. या तीनपैकी कुठला वक्र तुम्ही प्रयोगाशी ताडून पाहताय? तुमच्या चित्रावरून समांतर वाटतो. म्हणजे सगळ्यात कडक दिशा घेऊन तुम्ही बहुकॉलनी नमुन्याशी तुलना करताय, आणि तो फरक भरून काढायला फेराइट विनाकारण मऊ करून ठेवाल. नंतर स्पेसिंगचं सूत्र घातलंत की सगळंच बिघडेल, आणि दोष त्या सूत्रावर जाईल.

यावर ‘मग खूप कॉलन्या मेश करतो’ म्हणाल, तर थांबा. पाच मायक्रॉन बाजूची एकच कॉलनी घेतली आणि सिमेंटाइटच्या 11-12 नॅनोमीटरच्या पदरात तीन एलिमेंट, म्हणजे मेशचे तुकडे, बसावेत म्हणून 4 नॅनोमीटरचा एलिमेंट ठेवला, तर एकट्या कॉलनीत 195 कोटी एलिमेंट होतात. साडेपाच मिलिमीटरच्या वायर रॉडमध्ये व्यासावरच 55,000 पदर आहेत. हे काम कुठल्याच क्लस्टरचं नाही.

मी करतो ते असं. एका गणन-बिंदूला एक कॉलनी मानायची. तिच्या आत पदर काढायचे नाहीत, फक्त लॅमिनेटचे (एकावर एक चिकटलेल्या थरांचे) नियम लावायचे : पदरांच्या प्रतलात दोघांची विकृती सारखी, आणि पदरांवरून पलीकडे जाणारा ताण सारखा. यातून प्रत्येक कॉलनीचा प्रतिसाद लहानशा समीकरणसंचाने निघतो. मग अशा काही शे कॉलन्या वेगवेगळ्या दिशांना वळवून एकत्र करायच्या. लॅपटॉपवर मिनिटांत चालतं. पुढे पूर्ण क्रिस्टल प्लॅस्टिसिटी हवीच असेल तर ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत तयार झालेलं डॅमास्क हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. पण आधी हातचं साधं मॉडेल करा. ते जिथे चुकेल, तिथे का चुकलं हे तुम्हाला कळेल. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ते कळत नाही.

इथवर तीन गोष्टी झाल्या : लांबी समीकरणात नव्हती, ती फेराइटच्या यील्डमधून घालायची, आणि एका दिशेच्या ठोकळ्याऐवजी वळवलेल्या कॉलन्यांचा समूह घ्यायचा. पुढचं सगळं ‘तुम्हाला नक्की काय सांगायचंय’ यावर अवलंबून आहे.

फक्त टेन्साइल चाचणी, आठ-दहा टक्क्यांपर्यंत, एवढंच हवं असेल तर वरचं पुरतं. सिमेंटाइट लवचीक धरलं तरी सुरुवातीला चालेल, पण कायम नाही. दोघांचा यंग मॉड्युलस (लवचीक ताठरपणा) फार वेगळा नाही, त्यामुळे लवचीक भागात फरक दिसत नाही. फेराइट यील्ड झालं की भार सिमेंटाइटवर सरकू लागतो आणि ते लवचीकच राहिलं तर तुमचा वक्र आभाळात जाईल. त्यालाही कुठेतरी यील्ड द्यावं लागतं, काही गिगापास्कलच्या पातळीवर. ‘सिमेंटाइट ठिसूळ, ते कसं वाकेल?’ असं कुणी म्हणेल. जाड पदर तुटतात हे खरं. पण दहा-बारा नॅनोमीटरचे पदर फेराइटबरोबर लांबतात, हे ओढलेल्या तारांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत कित्येक दशकांपासून दिसत आलंय. तार ओढण्याचा अख्खा धंदा त्यावर उभा आहे.

भार उलटा लावायचा असेल, म्हणजे तार सरळ करणं, स्प्रिंग वळवणं, रुळाच्या डोक्यावर चाकाची ये-जा, तर अंतर्गत ताण सोडून चालणार नाही. ओढून सोडलेल्या तारेत सिमेंटाइट ताणलेलं राहतं आणि फेराइट दाबलेलं. म्हणून उलट दिशेने ती लवकर यील्ड होते. लॅमिनेटच्या मॉडेलचा मोठा फायदा हा की हा बाउशिंगर परिणाम त्यातून आपसूक येतो, वेगळं सूत्र लावावं लागत नाही. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना म्हणतो, एक चाचणी ओढून-दाबून करा. साध्या टेन्साइलला कुठलंही मॉडेल बसवता येतं. प्रत्येक घटकातला ताण वेगळा मोजायचा असेल तर डिफ्रॅक्शन, म्हणजे स्फटिकांवरून किरणांचं विवर्तन, लागतं. त्यासाठी परदेशाकडेच पाहायला हवं असं नाही. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन आणि इंदूरच्या इंडस-2 वर सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण आहेत. प्रस्ताव लिहून वेळ मागावी लागते, गाइडना विचारा.

आणि तार ओढणंच मॉडेल करायचं असेल, तर तो वेगळा प्रांत. माझा आवडता, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने 1854 मध्ये पोलादी तारेच्या उष्मोपचाराचं पेटंट घेतलं, आणि त्या प्रक्रियेचं नावच ‘पेटंटिंग’ पडलं. आजही कारखान्यात ‘पेटंटिंगला लाव’ म्हणतो तेव्हा वकिली काही नसते. तार 900 अंशांच्या वर तापवून सुमारे साडेपाचशेच्या वितळलेल्या शिशात बुडवायची, एवढंच. बाहेर येते ती बारीक पर्लाइटची, साडेबाराशे मेगापास्कलच्या आसपासची तार. तीच ओढत ओढत 0.2 मिलिमीटरपर्यंत नेली की टायरमधली तार होते, 3000 च्या पुढची. 20 मायक्रॉनपर्यंत ओढलेल्या तारेत जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जवळजवळ 7000 मेगापास्कल मोजलेत.

एम्बरी आणि फिशर यांनी 1966 मध्ये दाखवलं की ओढताना पदरांचं अंतर तारेच्या व्यासाच्याच प्रमाणात कमी होतं. साडेपाचची तार दोनवर आणलीत तर खरी विकृती 2.02, आणि 100 नॅनोमीटरचे पदर 36 चे. ताकदीतला पदरांचा वाटा व्यासाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो, इथे 1.66 पट. कारखान्यात कॅल्क्युलेटरवर होणारा हा हिशेब आहे, आणि तुमच्या मॉडेलने निदान एवढं तरी दिलंच पाहिजे. मॉडेलमध्ये त्यासाठी दर पायरीला दोन गोष्टी ताज्या कराव्या लागतात : पदराची जाडी, आणि पदराची दिशा. सुरुवातीला वेड्यावाकड्या असलेल्या कॉलन्या विकृती दीड-दोनच्या सुमारास तारेच्या अक्षाला समांतर येतात. अक्षाच्या दिशेने उभे असलेले पदर मुकाट लांबतात. आडवे असलेले मात्र दुमडतात, त्यांच्यात शिअरचे पट्टे पडतात आणि कधी कधी सिमेंटाइट तिथेच तुटतं. नंतरच्या भेगेचं मूळ बहुधा अशाच आडव्या कॉलनीत असतं. दिशांचा हा इतिहास तुमच्या ‘एका दिशेच्या’ ठोकळ्याला कधीच कळणार नाही.

विकृती आणखी वाढली की सिमेंटाइट विरघळू लागतं. त्यातला कार्बन फेराइटमध्ये जाऊन डिसलोकेशनना चिकटतो. अ‍ॅटम प्रोब या एकेक अणू मोजणाऱ्या उपकरणाने हे स्पष्ट दिसतं. यांत्रिकीचं कुठलंही मॉडेल हे आपणहून सांगणार नाही. एका कारखान्यात दर मे महिन्यात टॉर्शनमध्ये, म्हणजे पिळण्याच्या चाचणीत, तार लांबीला चिरायची. केमिस्ट्री तीच, टेन्साइल तेच, डाय (तार ज्यातून ओढतात ते साचे) त्याच. शेवटी मशीनच्या ब्लॉकमधलं, म्हणजे तार ज्यावर गुंडाळून ओढतात त्या ढोलामधलं, थंड करण्याचं पाणी तपासलं. कूलिंग टॉवर उन्हाळ्यात पुरा पडत नव्हता, तार तापत होती, आणि तापलेल्या तारेत कार्बन डिसलोकेशनना जखडत होता. पाणी सुधारलं, चिरणं थांबलं. या चिरण्याला धंद्यात ‘डिलॅमिनेशन’ म्हणतात, पण तो पदर सुटण्याचा प्रकार नाही. नावाने फसू नका, सिमेंटाइट-फेराइटच्या जोडावर कोहेजिव्ह (जोड सुटणं दाखवणारे) एलिमेंट घालून तो पकडायला जाऊ नका.

राहिलं स्पेसिंगचं मोजमाप. तुम्ही ‘एसईएम फोटोवरून’ (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) एवढंच लिहिलंय. पदर कापाच्या प्रतलाला तिरके असतील तर अंतर खऱ्यापेक्षा मोठं दिसतं, त्यामुळे काय मोजलं यावर आकडा दुप्पट होऊ शकतो. फोटोवर यदृच्छ रेषा मारून, त्या किती पदर ओलांडतात ते मोजून सरासरी काढलीत, तर तिचं निम्मं करा, ते खरं सरासरी अंतर. ‘छान, स्पष्ट दिसणाऱ्या’ कॉलन्या निवडून मोजलंत तर तो आकडा तुमच्या आवडीचा, पोलादाचा नव्हे. स्पष्ट दिसतात त्या जाड पदरांच्या किंवा तिरक्या कापलेल्या. हे पाप मीही केलंय, आणि एका अहवालात 160 नॅनोमीटर लिहून नंतर 95 करावं लागलं. नायटलऐवजी (नायट्रिक आम्लाचं द्रावण) पिक्रालने (पिक्रिक आम्लाचं द्रावण) एच केलंत, म्हणजे पृष्ठभाग कोरलात, तर पदर सगळीकडे सारखे उठतात. मात्र पिक्रिक अ‍ॅसिड कोरडं पडू देऊ नका, ते स्फोटक आहे. आणि नमुना हवेच्या झोताने थंड केलेल्या कॉइलचा असेल तर रिंगच्या कुठल्या भागाचा ते लिहून ठेवा. रिंगा एकमेकींवर चढतात तिथे हवा कमी लागते आणि पदर जाड होतात. एकाच रिंगवर दोन उत्तरं मिळतात.

म्हणून या आठवड्यात मॉडेलला हात लावू नका. दोन्ही नमुन्यांवर निदान दहा-दहा ठिकाणी यदृच्छ रेषांनी स्पेसिंग पुन्हा मोजा, आणि ठोकळा 0, 45 आणि 90 अंशांत ओढून तीन वक्र काढा. ते आकडे आणि वक्र इथे टाका. नमुने रॉडचे आहेत की ओढलेल्या तारेचे, तेही सांगा. तुमच्या प्रश्नात ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि तार ओढलेली निघाली तर वरच्या निम्म्या सल्ल्याचा क्रम मला बदलावा लागेल.